करमळकरांची तिरकी रेघ

करमळकर काकांच्या घरी शंकरपाळ्या चौरस असायच्या. वड्यासुद्धा. खोबऱ्याची वडी असो नाहीतर कोथिंबिरीची, नलिनी काकू सुरी आधी उभी चालवायच्या, मग आडवी, की झालं. मी नागपूरची, शंकरपाळी तिरकीच कापायची हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी कळतं. इकडे अमेरिकेत, पार्सिपनीत, त्यांच्याकडे पहिल्यांदा फराळाला गेले तेव्हा ती ताटली बघून मी समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाईत केल्यात का काकू?" काकू हसल्या. आतल्या खोलीकडे मान करून म्हणाल्या, "आमच्याकडे तिरकी सुरी चालत नाही गं. ह्यांना सहन होत नाही." मीही हसले. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट मी लोकांना हसत हसत सांगत असे. आता सांगताना हसू येत नाही.

काका आणि मी एकाच ऑफिसात होतो. हॉस्पिटलं, मॉल, पार्किंगचे मजले अशा ठिकाणी माणसाने कुठे वळायचं हे सांगणाऱ्या पाट्या, आणि त्या ठिकाणांच्या वेबसाइटही, आमची कंपनी करायची. २००३ साली मी तिथे लागले तेव्हा काका रिटायर व्हायला आले होते. नाव भालचंद्र, पण अमेरिकेने त्यांचं 'बिल' केलं होतं. मूळचे दादरचे. मुंबईत चित्रकला शिकून सत्तरच्या दशकात इकडे आले आणि पाट्यांमध्येच जन्म काढला. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, काळी पँट, आणि चालणं पाठीत पट्टी घातल्यासारखं ताठ. सगळं ऑफिस कॉम्प्युटरवर गेलं तरी त्यांच्या टेबलावर सरळ रेघा मारायचा लाकडी टी-स्क्वेअर होता. माझ्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी एका हॉस्पिटलच्या वेबसाइटसाठी झोकदार तिरकं हेडिंग केलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं होतं. काकांनी बराच वेळ बघितलं आणि मराठीत म्हणाले, "पडेल."

"काय पडेल?"

"ते हेडिंग. आजारी माणसाच्या डोक्यात पडेल. सरळ उभं कर त्याला."

मला राग आला. पण मी उभं केलं, आणि पान खरंच सुधारलं. मग तर राग आणखीच वाढला.

काकांच्या ह्या सोवळ्याचं मूळ हॉलंडमध्ये होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना तिथल्या काही चित्रकारांनी आणि घरं बांधणाऱ्यांनी मिळून एक पंथ काढला. 'डे स्टाइल' त्याचं नाव, म्हणजे नुसतं 'शैली'. त्यातल्या कट्टर लोकांचे नियम मोजके. रेघ उभी नाहीतर आडवी. रंग लाल, पिवळा, निळा, आणि सोबतीला काळा, पांढरा, राखाडी. चित्रात झाड नको, फळ नको, माणूसही नको. काका हे डबा खाताना सांगायचे आणि सांगता सांगता घास हातातच राहायचा. "सगळा युरोप खंदकात पडलेला, अनघा. कोण कुणाला मारतोय पत्ता नाही. आणि ही माणसं म्हणाली, आपण निदान रेघ सरळ काढू. काय हिंमत आहे बघ!"

"मग जग सरळ झालं का?"

"रेघ तर झाली," काका म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

पंथ म्हटला की फूट आलीच. त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याने पुढे तिरकी रेघ काढायला सुरुवात केली आणि त्यावरून दुसरा त्याच्यापासून दुरावला, असं काका सांगत. मी म्हटलं, एका रेघेवरून? तर म्हणाले, "आपल्याकडे कांद्या-लसणावरून दुरावत नाहीत का?" काका अर्थातच दुसऱ्याच्या बाजूचे होते. पहिल्याबद्दल बोलताना ते घरातून पळून गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलत.

ती माणसं कधीच गेली, पण त्यांचे चौकोन सगळीकडे उरलेत, हे मला काकांबरोबर हिंडून कळलं. पुस्तकांचे कप्पे, वेबसाइटची पानं, आमच्या स्वतःच्या पाट्या. काका बोट दाखवत जायचे आणि मला दिसत जायचं. एकदा दुपारच्या सुट्टीत आम्ही एका स्वस्त दुकानात शिरलो आणि काका एकदम थबकले. समोर अंघोळीच्या टबाचा प्लॅस्टिकचा पडदा लटकत होता. काळ्या रेघा, लाल, पिवळे, निळे चौकोन, सगळं साग्रसंगीत. काकांचा चेहरा उतरला. "ज्यांना अख्खी शहरं नव्याने मांडायची होती ना, त्यांचा ह्यांनी हा उपयोग केला. साबणाचं पाणी उडू नये म्हणून!" तो पडदा त्यांनी विकत घेतला. कशाला, तर दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून.

घर तर बघण्यासारखं होतं. उतरतं छप्पर म्हणजेही तिरकी रेघच, म्हणून काकांनी पुढून एक सपाट पांढरी भिंत उभी करून ते झाकलं होतं. दार पिवळं, पत्रपेटी लाल, दारापुढे राखाडी पायऱ्या. शेजारचा अमेरिकन त्याला दाताच्या डॉक्टरचं ऑफिस म्हणायचा. थंडीत त्या भिंतीमागे बर्फ साचायचा आणि वितळला की दिवाणखान्यात टपटपायचा. काकू खाली बादली ठेवायच्या. बादली निळी होती. तेवढं काकांनी बघितलं होतं. त्या भिंतीवरून टाउनच्या ऑफिसशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला होता आणि काका तो अगदी चवीने चालवत होते.

दिवाणखान्यात एक खुर्ची होती. त्या पंथातल्या एका सुताराने केलेल्या गाजलेल्या खुर्चीची नक्कल, काकांनी स्वतः गराजमध्ये बसून केलेली. लाल फळीची पाठ, निळ्या फळीची बैठक. त्यांचे जुने स्नेही डॉक्टर बापट, रिटायर झालेले हृदयाचे डॉक्टर, दर रविवारी चहाला यायचे आणि त्या खुर्चीला वळसा घालून सोफ्यावर बसायचे. अशाच एका रविवारी काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "अहो, पण हिची पाठ तिरकीच आहे की!"

मी मनात म्हटलं, झालं, इतक्या वर्षांचं सोवळं बाटलं.

"ती माणसाच्या पाठीसाठी," काका म्हणाले. "तिथे नियमच माणसापुढे वाकतो."

"आणि शंकरपाळी काय घोड्यासाठी असते?"

बापटांच्या चहाला ठसका लागला. काकाही हसले, अगदी मनापासून. ह्या माणसाची थट्टा करता यायची, म्हणूनच तर तो आम्हाला इतका आवडत होता. माझा नवरा मिलिंद सोमवार ते शुक्रवार कोडिंग करायचा आणि शनिवारी हौसेने सुतारकाम. तो तर काकांचा भक्तच झाला होता. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या त्याने काकांना विचारून ठोकल्या होत्या.

२००५ साली गणपती होऊन गेले आणि काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, पण डावा पाय गेला तो गेलाच. हॉस्पिटलमधून त्यांना, पुन्हा हिंडतंफिरतं करायला व्यायाम करून घेतात त्या रिहॅबमध्ये हलवलं. काकू जिद्दीच्या, दसऱ्यापर्यंत उजव्या हाताने सगळं करायला लागल्या. दिवाळीला घरी जायचं, एवढंच त्यांचं चाललेलं. तिथल्या बाईंनी काकांना बसवून समजावलं, तेव्हा मी शेजारीच होते. घरी न्यायला हरकत नाही, फक्त दारापर्यंत व्हीलचेअर चढायला हवी. रॅम्प करून घ्या, म्हणाल्या. तयार अ‍ॅल्युमिनियमचा भाड्यानेही मिळतो. त्यांनी माहितीचा कागदही दिला. काकांनी तो नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवला.

मिलिंद म्हणाला, "काका, एका शनिवारचं काम आहे. लाकूड मी आणतो."

"नको नको. मी डिझाइन करतोय," काका म्हणाले.

आम्हाला वाटलं, बरोबरच आहे. त्यांच्या घराचं त्यांनीच करावं. दिवाळी आली. काकूंनी रिहॅबच्या पलंगावर उटणं लावून घेतलं, मी ओल्या टॉवेलने अंग पुसलं, आणि त्या रडल्या. घरी का जाता येत नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "टाउन परमिशन देत नाहीये. हे रोज खेटे घालतात बिचारे. त्या भिंतीचा राग काढतायत मेले." नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर, रिहॅबची मुदत संपली आणि काकूंना त्याच इमारतीतल्या कायमच्या लोकांच्या विंगमध्ये नेऊन ठेवलं. शेजारच्या पलंगावरची म्हातारी दिवसभर आपल्या मेलेल्या बहिणीला हाका मारायची. ताटात रोज उकडलेले बटाटे. मी वरणभात न्यायचे, तर काकू खाता खाता विचारायच्या, "घरातली तुळस कशी आहे गं?" काका रोज दुपारी येऊन बसायचे, हात धरायचे, आणि टाउनचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, खचलेत.

संक्रांत जवळ आली तेव्हा काकूंनी बापटांना गाठलं. "भावोजी, ह्यांचं ते लोक ऐकत नाहीत. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही सांगून बघा ना."

आता आपली माणसं एकदा मदतीला निघाली की निघाली. बापटांनी फर्डा इंग्रजी अर्ज लिहिला, इथल्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, सूट चढवला. मिलिंदने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. मी बर्फीचा डबा घेतला, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे कसं जायचं. आम्ही तिघं टाउनच्या ऑफिसात जाऊन उभे राहिलो आणि बापटांनी भाषण सुरू केलं. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी भाषण पूर्ण ऐकून घेतलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग उठून कपाटातही पाहिलं.

ह्या पत्त्यावर रॅम्पचा अर्जच नाही, त्या म्हणाल्या. व्हीलचेअरचा रॅम्प? त्याला कोण नाही म्हणेल? तो तर आम्ही लगेच देतो. फीसुद्धा घेत नाही. मग पत्ता पुन्हा वाचून हसल्या. हां, ते पांढऱ्या भिंतीचं घर! ते गृहस्थ तर नेहमी यायचे. पण सप्टेंबरपासून काही दिसले नाहीत. बरे आहेत ना?

बरे आहेत, असं बापट म्हणाले. बर्फीचा डबा त्यांनी तसाच काउंटरवर ठेवला आणि कोरा अर्ज मागून घेतला.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मला इतकी लाज वाटली की मिलिंदकडेही बघवेना. लबाडी आमची नव्हती, तरी अर्ज, सह्या, सूट, बर्फी असं सगळं मांडून आम्हीच ती चव्हाट्यावर आणली होती. ज्या माणसाच्या सोवळ्याचं मी ऑफिसभर कौतुक करत हिंडले, त्याने बायकोला परक्यांच्यात ठेवून तिच्याशी खोटं बोलावं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. "आपल्याला हे कळायला नको होतं," बापट एवढंच म्हणाले, आणि गाडी काकांच्या घराकडे घ्यायला सांगितली.

काका टेबलाशी बसले होते. टेबलावर, जमिनीवर, सोफ्यावर, सगळीकडे कागद. रॅम्प कुठेच नव्हता. होती ती एक लिफ्ट, व्हीलचेअरसकट माणसाला सरळ उभं वर नेणारी, राखाडी खांबांची, लाल कठड्याची. एकाच लिफ्टची कितीतरी चित्रं. फार सुंदर होती, हेही सांगायला हवं.

"लिफ्टवाली कंपनी म्हणते, जमीन गोठलीय, बसवणं आता एप्रिलमध्ये," काका आमच्याकडे न बघता म्हणाले. आम्ही कुठून आलो हे त्यांना तोंडावरून कळलं असावं.

बापटांनी कोरा अर्ज त्या चित्रांवर ठेवला. "सही करा, करमळकर."

काकांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "डॉक्टर, मी रोज काढायला बसतो हो. त्या पायऱ्यांवरून ती रेघ काढायला हात जात नाही. पहिल्या दिवशी वाटलं, दोन दिवसांत सुचेल काहीतरी. मग नलूने विचारलं. तिला काय सांगणार होतो? की मी... म्हणून टाउनचं नाव घेतलं. एकदा घेतल्यावर रोज घ्यावं लागलं."

"त्या खुर्चीला तिरकी पाठ चालते," बापट म्हणाले. "खुर्चीसाठी नियम वाकतो, आणि नलिनीवहिनींसाठी वाकत नाही?"

काकांनी सही केली. मान खालीच ठेवून म्हणाले, "चहा टाकू?"

"नको," बापट म्हणाले. त्या घरात चहाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

परवानगी खरंच लगेच आली. शनिवारी मिलिंदने लाकूड आणलं, मंडळातली दोघंतिघं आली. जमीन गोठलेली, म्हणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा केला. काका टोपी, हातमोजे घालून बाहेर आले. कुणी त्यांना काही सांगितलं नाही, कुणी हटकलंही नाही. खांब सरळ आहेत का, हे त्यांनी दिवसभर वाकून वाकून पाहिलं. फळ्या ठोकायला लागले तेव्हा मात्र ते आत गेले. थोड्या वेळाने परत आले आणि मिलिंदच्या हातातून हातोडी मागून घेतली.

काकूंना घेऊन गाडी आली तेव्हा सगळे अंगणात उभे होते. थंडीने नाकं लाल झालेली. काकू शालीत गुंडाळलेल्या. त्यांनी रॅम्प बघितला, सगळ्यांकडे बघितलं, आणि जड जिभेने पण खणखणीत म्हणाल्या, "पाहिलंत? माझ्या नवऱ्याने अख्ख्या टाउनला नमवलं!"

आम्ही सगळे बुटांकडे बघायला लागलो. काकूंचा चेहरा नुसता फुललेला, आणि तो बघवत नव्हता. काका व्हीलचेअरच्या मागे होते. ते पुढे आले आणि काकूंच्या समोर उभे राहिले.

"नलू, टाउनने नाही म्हटलं नव्हतं. मी मागितलंच नव्हतं. मला तिरकी रेघ नको होती म्हणून तू तिथे राहिलीस."

काकूंना समजायला वेळ लागला. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. काका तसेच उभे, हात दोन्ही बाजूंना, शाळेत शिक्षा झालेला मुलगा उभा राहतो तसे.

"मी त्या टाउनला किती शिव्या घातल्या," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मिलिंद, तू ढकल मला." आणि दारातून आत गेल्यावर, मागे न बघता, "अहो, लोक थंडीत उभे आहेत. चहा टाका सगळ्यांना."

काकांनी चहा केला. कपात ओतताना तो बशीत सांडत होता. आम्ही सगळ्यांनी घेतला, बापटांनीही.

त्यानंतर काकूंनी एक केलं. घरी कुणी नवीन माणूस आला की त्या त्याला हे सांगायच्या. रागाने नाही, मीठ कमी झालंय सांगावं इतक्या सरळपणे. "ह्यांनी मला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तिथे ठेवलं होतं. तिरकी रेघ नको म्हणून." काका तिथेच असायचे. ते "हो" म्हणायचे. ऐकणारा कसनुसा हसायचा, विषय बदलायचा. मला अनेकदा वाटे, काकू, आता पुरे ना. पण सांगणारी मी कोण? पुढे पुढे काकू सांगायच्या थांबल्या, कारण काका आधीच सांगायला लागले. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी सांगितलं होतं.

२००८ च्या उन्हाळ्यात मिलिंदला टेक्सासमध्ये नोकरी लागली आणि आम्ही शुगर लँडला निघालो. निरोप घ्यायला मी गेले तेव्हा त्यांच्या अंगणात आर्किटेक्चर शिकणारी एक अमेरिकन मुलगी कॅमेरा लावून उभी होती. त्या डच पंथाचा अमेरिकेतल्या साध्या घरांवर कसा परिणाम झाला, असा काहीतरी तिचा अभ्यास होता, आणि कुणीतरी तिला हे घर दाखवलं होतं. काकू रॅम्पशेजारी व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. मुलगी पांढऱ्या भिंतीचं भरभरून कौतुक करत होती. मग संकोचत तिने विचारलं, ह्या बाजूने काढू का? म्हणजे रॅम्प दिसणार नाही. त्याने जरा बिघडतंय.

"नाही," काका म्हणाले. "रॅम्पसकट काढ." आणि त्यांनी सुरू केलं. इंग्रजीत, उन्हात ताठ उभे राहून, पहिल्यापासून. बायको आजारी कशी पडली, रॅम्प सहज होण्यासारखा कसा होता, आपण तो का केला नाही, बायकोला काय सांगितलं. मुलगी कॅमेरा खाली घेऊन ऐकत होती, कुठे बघावं तिला कळत नव्हतं. मी फाटकाशीच थांबले. काका खोटं बोलल्याच्या जागेपर्यंत आले.

"अहो," काकू म्हणाल्या.

काका थांबले.

"पुरे आता. तिला ऊन लागतंय."

काका काकूंकडे बघत राहिले. मुलीने फोटो कुठल्या बाजूने काढला, ते मी बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की काका काकूंच्या खुर्चीशेजारी रॅम्पच्या फळीवर, गुडघे जवळ घेऊन, हळूच खाली बसले, आणि काकूंनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.